गाणं नासवलं की वाचलं?

गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्यांच्या घरी जुन्या रेकॉर्ड ऐकायला आम्ही सात-आठ जण जमलो होतो. अमेरिकन जॅझवादक जॉन कोल्ट्रेनने वाजवलेलं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’, मूळचं ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीतिकेतलं गाणं, लावलं होतं. सोप्रानो सॅक्सोफोनचा तो सनईच्या जातीचा, किंचित नाकातला आवाज, मागे मॅकॉय टायनरचा पियानो तेच तेच स्वरसमूह घोळवतोय. एका काकांना राहवेना. म्हणाले, “किती गोड गाणं आहे हो मूळ! बाहेर विजा कडाडतायत, पोरं घाबरलीयेत, आणि ती मारिया त्यांना जवळ घेऊन समजावतेय. याने पार वाट लावली त्याची.” त्यावर एक तरुण पियानोवाला उसळला, “काका, मूळ गाणं म्हणजे मांजराच्या मिश्या नि तांब्याच्या किटल्या. कोल्ट्रेनने दगडाचं सोनं केलंय.” मग जे व्हायचं ते झालं. चहा गार झाला आणि दोन तट पडले.

हा वाद मी गेली वीस वर्षं निरनिराळ्या तोंडून ऐकतो आहे, आणि दर वेळी तो इतक्या वाईट रीतीने घातला जातो की दोन्ही बाजूंची चीड येते. दोघे एकमेकांविरुद्ध बोलत असल्यासारखे दिसतात खरे, पण दोघांचं गृहीत एकच असतं: ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, संगीतिकेतलं गाणं ही एक पुरी झालेली, कडी लावून बंद केलेली वस्तू आहे. काकांना ती देव्हाऱ्यात ठेवायची आहे, तरुणाला भट्टीत घालायची आहे. माझं म्हणणं असं की ते गाणं तसं बंद कधी नव्हतंच. रंगमंचावरून निसटून जगात फिरावं म्हणूनच ते लिहिलेलं असे, आणि जॅझवाल्यांनी त्याची जी फोड केली तीत मूळ लेखनाची समज होती. आपल्या भाषेत ‘वाचलं’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ब्रॉडवेचं गाणं जॅझवाल्यांनी वाचलं, म्हणून ते वाचलं. दोन्ही अर्थांनी.

पण काकांची बाजू हलक्यात काढण्यासारखी नाही. नाटकातलं गाणं कुणाच्या तरी तोंडी असतं, कुठल्या तरी प्रसंगात असतं. १९३७च्या ‘बेब्स इन आर्म्स’मध्ये ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ एक मुलगी म्हणते ते व्हॅल नावाच्या मुलाला. त्याच्या दिसण्याची, त्याच्या अकलेची थट्टा करत करत ती त्याला म्हणते, आहेस तसाच राहा. गीतकार लॉरेन्झ हार्टच्या शब्दांतली सगळी गंमत त्या ‘व्हॅल’ या नावावर आणि थट्टेआडच्या मायेवर उभी आहे. पुढे जॅझवाल्या चेट बेकरने ते झोपाळलेल्या, दुखऱ्या आवाजात गायलं, ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने तर शब्दच काढून टाकले. थट्टा गेली, विषाद तेवढा उरला. हे नुकसान नाही असं कोण म्हणेल? नाट्यगीतातून पात्र वजा केलं तर काहीतरी हरवतंच. शिवाय संगीतकारांची स्वतःची तक्रार होती. जेरोम केर्नला नृत्यवाद्यवृंदांनी आपल्या चालींशी चालवलेली खेळी इतकी खुपे, की १९२४मध्ये ‘सिटिंग प्रिटी’ या संगीतिकेची गाणी त्याने वाद्यवृंदांना, कॅबरेंना, रेडिओला आणि ध्वनिमुद्रणाला बंद करून टाकली. आमचं संगीत आम्ही लिहिलं तसं आता फक्त थिएटरातच ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं. ज्याने चाल बांधली त्याला एवढंही म्हणण्याचा अधिकार नसावा?

अधिकार होता, आणि त्याने तो बजावला. पुढे काय झालं तेही पाहू. ‘सिटिंग प्रिटी’ची गाणी आज किती जणांना येतात? अभ्यासक सोडले तर कुणालाच नाही. याच केर्नच्या १९३९च्या ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ या संगीतिकेचे जेमतेम ५९ प्रयोग झाले. म्हणजे सपशेल पडली. तिच्यातलं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ मात्र आज टोकियोपासून साओ पावलोपर्यंत कुठल्याही जॅझ क्लबात कुणीही अनोळखी चौघे एकत्र येऊन न बोलता वाजवू शकतात. नाटक मेलं आणि गाणं जगलं. जगलं कारण त्याला बंदी नव्हती.

आता प्रसंगाच्या पावित्र्याबद्दल. त्या काळचं ब्रॉडवे आतून कसं चाले हे ठाऊक असलं की ‘मूळ संदर्भ’ हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो. संगीतकार जॉर्ज आणि गीतकार आयरा या गर्शविन बंधूंचं ‘द मॅन आय लव्ह’ १९२४च्या ‘लेडी, बी गुड!’साठी लिहिलं गेलं आणि प्रयोग न्यूयॉर्कला पोहोचण्याआधीच त्यातून वगळलं गेलं. मग ते आणखी एका संगीतिकेत घालून पाहिलं, तिथेही टिकलं नाही. कुठल्याच नाटकात धड न बसलेलं हे गाणं तरी अजरामर झालं. ‘शो बोट’मधलं ‘बिल’ हे हळवं गाणं तर त्या नाटकाच्या नऊ-दहा वर्षं आधी पी. जी. वुडहाउसने केर्नच्या चालीवर वेगळ्याच एका संगीतिकेसाठी लिहिलेलं होतं. तिथून कापलं, इकडे शब्द थोडे बदलून चिकटवलं. खुद्द निर्मातेच गाण्यांना या घरातून त्या घरात दत्तक देत होते, तर मग सॅक्सोफोनवाल्यानेच तेवढं वंशावळ सांभाळत बसावं का?

आणि आमच्या काकांचा तो विजांचा प्रसंग! ‘द साउंड ऑफ म्युझिक’ रंगमंचावर आलं नोव्हेंबर १९५९मध्ये. तिथे हे गाणं मारिया मठाच्या प्रमुख साध्वीबरोबर म्हणते, तिला मठाबाहेर पाठवायचं ठरत असताना. वादळ नाही, पोरं नाहीत, खोलीत दोन बायका. मुलांना समजावण्याचा प्रसंग जोडला तो चित्रपटाने, १९६५ साली. कोल्ट्रेनने हे गाणं ध्वनिमुद्रित केलं ऑक्टोबर १९६०मध्ये. म्हणजे काका ज्याला मूळ म्हणून उराशी धरून बसले होते, तीच मुळात नंतरची फेरमांडणी. कोल्ट्रेनने जे गाणं हाती घेतलं ते जेमतेम वर्षभर वयाचं होतं.

काकांना उत्तर देणं सोपं होतं. त्या तरुणाला देणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण ‘दगडाचं सोनं’ ही भाषा हल्ली प्रतिष्ठित झाली आहे. तिचा अर्थ असा की ब्रॉडवेवर सगळा बाजारू माल तयार होई आणि अलौकिक वादक त्याला हात लावून पवित्र करीत. असं असतं तर कुठलंही गाणं चाललं असतं. न्यूयॉर्कच्या संगीत प्रकाशकांच्या त्या गल्लीत, टिन पॅन ॲलीत, हजारो गाणी छापली गेली. त्यांतली जॅझवाल्यांनी पिढ्यानपिढ्या वाजवली ती काहीशे. ही निवड कुणी केली? बोटांनी आणि कानांनी केली. ‘ऑल द थिंग्ज यू आर’ घ्या. ३६ बारच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) गाण्यात आधारस्वर पाच घरं फिरतो, आणि तरी चाल अशी सरळ चालते की ऐकणाऱ्याला प्रवासाची चाहूल लागत नाही. केर्नला स्वतःलाच वाटलं होतं म्हणे, की हे लोकांना झेपणार नाही. नेमकी हीच अवघड जागा बीबॉपच्या, म्हणजे १९४०च्या दशकातल्या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझच्या, पोरांना हवी होती. दर दोन-चार बारला पायाखालची फरशी सरकते, तिच्यावर तोल सावरत धावायचं. डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्करने १९४५मध्ये ते वाजवलं तेव्हा त्यांनी केर्नवर उपकार केले नाहीत. त्यांना केर्नची गरज होती.

‘आय गॉट ऱ्हिदम’ची गोष्ट तर याहून बोलकी. गर्शविनने ते १९३०च्या ‘गर्ल क्रेझी’साठी बांधलं, एथेल मर्मनने गाऊन पहिल्याच रात्री थिएटर डोक्यावर घेतलं. गाणं ३४ बारचं, कारण शेवटी दोन बारचं एक शेपूट आहे. जॅझवाल्यांनी शेपूट कापलं, राहिलेल्या ३२ बारचा कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचा, क्रम ठेवला आणि त्यावर नव्या चाली बांधल्या. एलिंग्टनचं ‘कॉटन टेल’, लेस्टर यंगचं ‘लेस्टर लीप्स इन’, सॉनी रॉलिन्सचं ‘ओलिओ’, सगळी त्याच सांगाड्यावर. वादकांच्या बोलीत या क्रमाला नुसतं ‘ऱ्हिदम चेंजेस’ म्हणतात. आपल्याकडे ‘तीनताल लाव’ म्हणावं तितक्या सहज. आणि ‘बाहेरच्यांनी येऊन लुटलं’ म्हणणाऱ्यांसाठी एक तपशील: ‘गर्ल क्रेझी’च्या त्या पहिल्या रात्री रंगमंचापुढच्या खड्ड्यात रेड निकोल्सचा वाद्यवृंद होता, आणि त्यात पुढे जॅझमध्ये गाजलेले बेनी गुडमन आणि जीन क्रुपा बसले होते. जॅझ त्या गाण्याच्या बारशालाच हजर होता.

इथे एक अधिक गंभीर आक्षेप येतो, आणि तो काका किंवा तरुण कुणीच घेतला नव्हता. गोऱ्या, बहुतांशी ज्यू संगीतकारांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीयांचा ठेका आणि स्वरभाव उचलला, त्याची गाणी केली, पैसे मिळवले. मग कृष्णवर्णीय वादकांनी तीच गाणी वाजवायची आणि त्यावर पुन्हा गोऱ्यांनाच मानधन द्यायचं, हा कुठला न्याय? या आक्षेपात बरंच तथ्य आहे. तरुण गर्शविन हार्लेमच्या पियानोवाल्यांना ऐकायला जात असे, हे कुणी लपवलेलं नाही. कायद्याने तर अन्याय पक्काच करून ठेवला होता. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्याप्रमाणे एकदा ध्वनिमुद्रित झालेलं गाणं कुणीही पुन्हा ध्वनिमुद्रित करू शके, फक्त रेकॉर्डच्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याच्या मालकाला दोन सेंट द्यायचे. हा दर १९७७ अखेरपर्यंत हलला नाही. कॉर्डच्या क्रमावर मात्र कुणाचा हक्क नाही, आणि वादकाने ऐन वेळी केलेल्या उपजेला गीतकार-संगीतकाराचं मानधन नाही. म्हणजे कोल्ट्रेनने तेरा मिनिटं जीव ओतावा, त्यातली मिनिटभराची चाल सोडली तर बाकी सगळं त्याचं, आणि रचनेचे पैसे मूळ गाण्याचे संगीतकार-गीतकार रॉजर्स-हॅमरस्टाइन यांच्या खात्यात. ‘जॅझवाल्यांनी ब्रॉडवेला लुटलं’ असं म्हणणाऱ्याने हा हिशोब एकदा मांडून पाहावा. जुन्या सांगाड्यावर नवी चाल बांधण्यामागे कल्पकता होतीच, पण हा व्यवहारही होता: चाल आपली झाली की दोन सेंटही आपले. ‘हाउ हाय द मून’ या १९४०च्या ब्रॉडवेच्या गाण्याच्या कॉर्डवर ‘ऑर्निथॉलॉजी’ ही बीबॉपची चाल उभी राहिली ती अशी.

पण या आक्षेपाचं शेवटचं टोक, म्हणजे ब्रॉडवेची गाणी वाजवणं ही कृष्णवर्णीय कलावंतांची लाचारी होती, हे मला मान्य नाही. एक तर ब्रॉडवे केवळ गोऱ्यांचा नव्हता. १९२१च्या ‘शफल अलाँग’चे कर्ते नोबल सिसल आणि यूबी ब्लेक कृष्णवर्णीय होते. १९२९च्या ‘हॉट चॉकलेट्स’साठी फॅट्स वॉलरने ‘एन्ट मिसबिहेविन’’ची चाल बांधली आणि त्याच नाटकातून लुई आर्मस्ट्राँग ब्रॉडवेवर गाजला. दुसरं म्हणजे, लाचारीने घेतलेली वस्तू माणूस इतक्या हक्काने हाताळत नाही. फेब्रुवारी १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये माइल्स डेव्हिसने ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ वाजवलं. ती मैफल होती मिसिसिपी आणि लुइझियानातल्या कृष्णवर्णीयांच्या मतदार-नोंदणीच्या मदतनिधीसाठी. पंधरा मिनिटं चाललेल्या त्या वादनात सुरुवातीची ओळ ओळखू येते न येते तोच चाल धुक्यात शिरते, मध्येच लखकन पुढे येते, पुन्हा जाते. त्या रात्री त्या सभागृहात हे गाणं कुणाच्या मालकीचं होतं?

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटायचं खरं तर कारण नाही. आपण याच प्रश्नावर शंभर वर्षं भांडतो आहोत, फक्त पाणी उलट्या दिशेने वाहिलं. तिकडे गाणं नाटकातून वादकांकडे गेलं. आपल्याकडे रागदारी आधी मैफलीत होती, तिथून ती नाटकात आली. १९१६च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ‘नाथ हा माझा’ यमनात बांधलं, रुक्मिणीच्या तोंडी बालगंधर्वांनी ते अमर केलं. वन्समोअर पडत, पद वाढत जाई, आणि कृष्णाला पत्र पाठवायची घाई असलेली रुक्मिणी निवांत यमन खुलवीत उभी राही. नाटकाचं मातेरं झालं म्हणून ओरडणारे तेव्हाही होते, आणि नाटक म्हणून पाहिलं तर ते खोटं बोलत नव्हते. मग तीच पदं मैफलीत परतली. वसंतराव देशपांड्यांनी नाट्यपदाची अशी काही फोड केली की कडव्यांमधल्या जागा पाहता पाहता मैदान व्हाव्यात. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं घेऊन केलेल्या कार्यक्रमाला नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यातल्या ‘मला उमजलेले’ या दोन शब्दांत जॅझवाल्यांची सगळी भूमिका आली. बालगंधर्वांची नक्कल नाही, त्यांच्यावर मातही नाही. मला जे दिसलं ते हे. कुमारांनी बालगंधर्वांना नासवलं असं म्हणणारे महाभाग तेव्हा निघालेच. आज त्यांचं म्हणणं कोण आठवतो?

तुलना फार ताणू नये हेही खरं. कोल्ट्रेनच्या त्या वादनात तंबोऱ्यासारखा आधार ऐकू येतो म्हणून ‘हा तर रागच’ असं टाळ्या पिटत सांगणारे आपल्याकडे बरेच आहेत. त्याला आपल्या संगीताची ओढ होती, मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं, रविशंकरांवरून. पण म्हणून प्रत्येक लांबलेल्या स्वरावर आपला शिक्का मारायला धावू नये. मुंबईचा या गाण्यांशी खरा संबंध वेगळाच आहे आणि तो आपण विसरतो. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड यांसारखे अमेरिकन कृष्णवर्णीय वादक वाजवीत, आणि गोव्याच्या चर्चशाळांमध्ये नोटेशन शिकून आलेली पोरं त्यांच्याकडून ही गाणी उचलीत. चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेट आर्मस्ट्राँगच्या ढंगाने वाजवी. हीच मंडळी दिवसा स्टुडिओत सी. रामचंद्रांच्या गाण्यांत वाजवीत. ‘अलबेला’तला तो उडता ठेका कुठून आला हे शोधत गेलं तर वाट न्यूयॉर्कपर्यंत जाते.

एक कबुली मात्र दिली पाहिजे. आज जॅझ शिकवणाऱ्या संस्थांतून हीच नव्वद वर्षांपूर्वीची गाणी पाठ करून घेतली जातात, बहुतेक वेळा शब्द न शिकवता, नाटकाचं नावही न सांगता. सॅक्सोफोनवाला डेक्स्टर गॉर्डन ठाय लयीतलं गाणं सुरू करण्याआधी त्याचे शब्द माइकवर म्हणून दाखवी. १९५६मध्ये ‘इफ आय वेअर अ बेल’ वाजवताना माइल्सच्या चमूतल्या रेड गार्लंडने सुरुवातीला पियानोवर घंटेचे टोल दिले, कारण मूळ संगीतिकेत हे गाणारी, धर्मप्रसाराच्या मिशनमधली मुलगी थोडी दारू घेतल्यावर म्हणते, मी घंटा असते तर घणघणले असते. या माणसांना गाणं कुठून आलं ते ठाऊक होतं, म्हणून ते कुठे न्यायचं तेही कळलं. ज्याला नुसते कॉर्ड ठाऊक आहेत त्याच्या वादनावर काकांनी खुशाल तोंडसुख घ्यावं, मी त्यांच्या बाजूला बसेन. आणि उलट जॅझगायिका एला फिट्झजेराल्डने १९५६पासून एकेका संगीतकाराची गाणी निवडून जे संच गायले, त्यात तिने बऱ्याच गाण्यांचे, एरवी सगळे वगळतात ते, सुरुवातीचे प्रस्तावनेसारखे भागही गायले. आमची गाणी इतकी चांगली आहेत हे तिचं गाणं ऐकेपर्यंत आम्हाला कळलं नव्हतं, असं आयरा गर्शविन म्हणाल्याचं नेहमी सांगितलं जातं.

परत त्या तेरा मिनिटांकडे येतो. रॉजर्सच्या चालीत आवडत्या वस्तूंची यादी तीनदा येते, मग चाल वळते: कुत्रा चावतो, मधमाशी डसते, मन खट्टू होतं, तेव्हा मी या वस्तू आठवते. यादी केली जाते ती या वळणासाठी. दुःख नसतं तर यादीची गरजच काय होती? नाटकात हे वळण मिनिटाभरात येतं. कोल्ट्रेन ते देत नाही. यादी वाजवतो, मग त्याच एका आधारावर घुमत राहतो, कधी उजेडात, कधी अंधारात, टायनरला जागा देतो, पुन्हा यादीवर येतो, पुन्हा निघून जातो. मनाची समजूत घालणारं माणूस तेच तेच शब्द पुटपुटत राहतं तसं. आणि कुत्र्याची ओळ राखून ठेवतो ती पार शेवटापर्यंत. हॅमरस्टाइनचे शब्द ज्याने वाचले नाहीत त्याला हे सुचेल का? त्या ओळीवर जो मिनिटाभरात पोहोचतो आणि जो तेरा मिनिटं तिच्यापासून पळून अखेर तिच्या समोर उभा राहतो, त्यांच्यात कुणी कुणाला नासवलं?

हे मला त्या संध्याकाळी सांगता आलं नाही. आमचा वाद सुरू झाला तेव्हा रेकॉर्ड जेमतेम सहाव्या-सातव्या मिनिटाला आली होती, आणि बोलणं ऐकू यावं म्हणून यजमानांनी सुई उचलून ठेवली होती.